टपालाचा दर आणि पाकिटाचे वजन: सीमाभागातील संस्था व व्यावसायिकांसाठी

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या पट्ट्यातील पतसंस्था, सौहार्द सोसायट्या, उद्यमबागेतील कारखाने आणि शहापूर-वडगावचे साडी व्यापारी आजही वर्षाकाठी हजारो पाकिटे टपालात टाकतात. त्यांत सभेच्या नोटिसा, वसुलीच्या नोटिसा, थकबाकीची पत्रे, दरपत्रके, वार्षिक अहवाल असे सगळे असते. माझा व्यवसाय छपाईचा असल्यामुळे यांतील बराच मजकूर माझ्या टेबलावरून जातो, आणि जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक एकच चूक करते. ते मजकूर ठरवते, कागद निवडते, रंग निवडते, पाकिटे छापून घेते, आणि टपालखर्च किती येईल हा प्रश्न गठ्ठा पोस्टात नेताना विचारते. हा क्रम उलटा हवा. पोस्ट तुमच्या पत्राचे पैसे घेत नाही, ते वजनाच्या पायरीचे, म्हणजे ठरावीक वजनापर्यंत एकच दर अशा टप्प्याचे, पैसे घेते. पायरी कुठे संपते हे आधी पाहून मग पत्राची रचना केली, तर दरवाढीचा बराचसा भार छापखान्यातच कमी होतो.

नेमके काय बदलले

स्पीड पोस्टचे दर ऑक्टोबर २०१२ नंतर तेरा वर्षे तसेच होते. १ ऑक्टोबर २०२५ पासून ते बदलले, आणि त्याच सुमारास रजिस्टर पोस्ट ही स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. संस्थांच्या दृष्टीने दरवाढीपेक्षा हे विलीनीकरण जास्त महत्त्वाचे आहे. पूर्वी वीस ग्रॅमच्या रजिस्टर पत्राला पाच रुपये टपाल, सतरा रुपये नोंदणी आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी असे २५ रुपये ९६ पैसे पडत. आता पोचल्याचा पुरावा हवा असेल तर स्पीड पोस्टचाच दर भरावा लागतो. पन्नास ग्रॅमपर्यंत तो गावातल्या गावात १९ रुपये आणि गावाबाहेर देशभरात कुठेही ४७ रुपये आहे. जीएसटी धरून हे आकडे अनुक्रमे २२ रुपये ४२ पैसे आणि ५५ रुपये ४६ पैसे होतात. म्हणजे बेळगावातून बेळगावातच जाणारे पुराव्याचे पत्र किंचित स्वस्त झाले, आणि बेळगावहून गडहिंग्लजला किंवा पुण्याला जाणारे दुपटीहून महाग झाले.

‘रजिस्टर’ हा शब्द मात्र पूर्णपणे गेलेला नाही. स्पीड पोस्टवर पाच रुपये आणि जीएसटी जादा भरून ‘नोंदणी’ ही जोडसेवा घेता येते. ती घेतली की पत्र फक्त त्या व्यक्तीच्या किंवा तिने अधिकार दिलेल्या माणसाच्या हाती दिले जाते. नोंदणी नसलेले स्पीड पोस्ट त्या पत्त्यावर जो भेटेल त्याला देता येते. ओटीपी सांगूनच पत्र मिळावे अशीही सोय आहे, आणि तिचा दरही पाच रुपये अधिक जीएसटी एवढाच आहे. अनेक कायद्यांत आणि संस्थांच्या पोटनियमांत ‘रजिस्टर टपालाने’ असे शब्द आहेत. तेथे पाच रुपये वाचवण्याच्या भानगडीत न पडता नोंदणीची जोडसेवा घ्यावी आणि पावतीवर ती दिसते आहे ना, हे काउंटर सोडण्यापूर्वी वाचून पाहावे.

साध्या टपालाचे दर या फेरीत जागचे हलले नाहीत. साधे पाकीट दर वीस ग्रॅमला पाच रुपये, अंतर्देशीय पत्र अडीच रुपये आणि पोस्टकार्ड पन्नास पैसे, हे आकडे दोन दशकांहून अधिक काळ चालत आलेले आहेत. स्वस्त साधे टपाल आणि महाग पुराव्याचे टपाल यांतील दरी त्यामुळे रुंदावली आहे, आणि यापुढचा हिशेब या दरीभोवतीच करायचा आहे.

पुरावा कशाला हवा आणि कशाला नको

समजा, एका पतसंस्थेचे तीन हजार सभासद आहेत. त्यांपैकी अठराशे बेळगाव शहरात आणि बाराशे तालुक्यांतील गावांत, कोल्हापूर जिल्ह्यात किंवा पुण्या-मुंबईला आहेत. सर्वसाधारण सभेची नोटीस सगळ्यांना पुराव्यानिशी पाठवायची म्हटल्यास शहरातल्यांचे ४०,३५६ रुपये आणि बाहेरच्यांचे ६६,५५२ रुपये, एकूण १,०६,९०८ रुपये होतात. जुन्या रजिस्टरच्या दराने हेच काम ७७,८८० रुपयांत झाले असते. साध्या टपालाने तीच नोटीस १५,००० रुपयांत जाते. एवढी तफावत असताना ‘सगळे रजिस्टरने पाठवून टाका’ असा ठराव करणारे संचालक मंडळ सभासदांचेच पैसे खर्च करत असते.

म्हणून पहिले काम म्हणजे पत्रांचे दोन ढीग करणे. ज्या पत्राच्या पोचण्यावरून उद्या न्यायालयात किंवा निबंधकांपुढे वाद होऊ शकतो ते पहिल्या ढिगात जाते: कर्जदाराला व जामीनदारांना वसुलीची नोटीस, सभासदत्व रद्द करण्याची नोटीस, करार संपवल्याची सूचना, धनादेश न वटल्याची नोटीस. उरलेले सगळे, म्हणजे सभेची नोटीस, शुभेच्छापत्र, व्याजदराची माहिती, नव्या मालाचे दरपत्रक, दुसऱ्या ढिगात जाते. सभेच्या नोटिशीबाबत मात्र आपल्या पोटनियमांत कोणती पद्धत लिहिली आहे ते आधी वाचावे. तेथे साधे टपाल चालत असेल, तर टाकलेल्या पत्रांची गावनिहाय यादी, तारीख आणि खर्चाची पावती दप्तरी ठेवली की काम भागते.

या भागातल्या संस्थांना आणखी एक सोय आहे, तिचा विचार कमी होतो. रोजची बचत दारोदार गोळा करणारा पिग्मी एजंट रोज शंभर-दीडशे दारांत उभा राहतच असतो. शहरातल्या सभासदांना नोटीस त्याच्या हाती देऊन वहीत सही घेतली, तर पुरावाही मिळतो आणि टपालही वाचते. एजंटाला प्रत्येक सहीमागे काही मोबदला ठरवून द्यावा, नाहीतर वह्या कोऱ्या परत येतात. असे मी पाहिले आहे.

कुरिअरचा पर्यायही लोक सुचवतात. १८९८ च्या जुन्या कायद्यात पत्रे वाहून नेण्याचा एकाधिकार सरकारकडे होता. जून २०२४ पासून लागू झालेल्या नव्या टपाल कायद्यात तो उरलेला नाही, त्यामुळे कायद्याची अडचण राहिलेली नाही. शहर ते शहर कुरिअर ठीक चालते. खानापूरच्या जंगलपट्ट्यातील वाडीवर मात्र पोस्टाचाच माणूस पोचतो.

आधी काटा, मग कागद

वजनाचे गणित सोपे आहे. ए-फोर आकाराचे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणून ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम) एक कागद पाच ग्रॅम भरतो आणि ७० जीएसएम मॅपलिथोचा, म्हणजे छपाईच्या साध्या पांढऱ्या कागदाचा, एक कागद सुमारे ४.४ ग्रॅम. तीन घड्यांचे पत्र मावते ते २२ बाय ११ सेंटिमीटरचे लांब पाकीट पातळ कागदाचे असेल तर साडेचार ग्रॅमच्या आसपास येते, जरा जाड असेल तर पाच. आता साध्या टपालाची वीस ग्रॅमची पायरी पाहा. ७० जीएसएमचे तीन कागद आणि पातळ पाकीट मिळून साडेसतरा ग्रॅम होतात. ८० जीएसएमचे तीन कागद आणि जाड पाकीट मिळून बरोबर वीस. कागदावर ते बसते, काट्यावर बसेलच असे नाही.

बसत नाही याचे कारण आमचा पाऊस. सभांचा हंगाम वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ऐन जुलै ते सप्टेंबरात येतो. त्या दिवसांत बेळगावच्या हवेत उघडा ठेवलेला कागद ओलावा धरतो आणि त्याचे वजन दोन-तीन टक्क्यांनी सहज वाढते. साडेएकोणीस ग्रॅमचे पाकीट दोन दिवसांत वीसच्या वर जाते. पावसाळ्यात पायरीच्या खाली निदान पाच टक्के मोकळे ठेवावे, म्हणजे वीसच्या पायरीसाठी एकोणीस आणि पन्नासच्या पायरीसाठी साडेसत्तेचाळीस ही आपली मर्यादा समजावी. रीम शेवटच्या क्षणापर्यंत बांधलेली राहू द्यावी आणि भरलेली पाकिटे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावीत.

वजन करताना एक पाकीट काट्यावर ठेवून पाहू नये. दहा पाकिटे एकदम ठेवून दहाने भागावे, आणि काटा निदान ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत दाखवणारा असावा. किराणा दुकानातला काटा या कामाचा नाही. ओळखीच्या सराफाकडे पाच मिनिटांचे काम असते. मुख्य म्हणजे नमुना तयार करताना त्यात प्रत्यक्ष जाईल ते सगळे घालावे: घडी, पिन, चिकटवलेले लेबल, तिकीट. एका संस्थेने माझ्याकडून छापलेल्या नोटिशीला कार्यालयात आयत्या वेळी एक हजेरीपत्रक आणि यू-क्लिप जोडली. पाकिटे वीसच्या वर गेली आणि त्यांतली कित्येक नॉटपेड होऊन सभासदांच्या दारी पोचली. ज्या सभासदांना खिशातून पैसे भरून आपल्याच संस्थेची नोटीस सोडवावी लागली, त्यांनी त्या वर्षीच्या सभेत पहिला प्रश्न कशावर विचारला असेल, हे सांगायला नको.

याहून चांगला मार्ग म्हणजे नोटीस एकाच कागदावर दोन्ही बाजूंनी बसवणे. ७० जीएसएमचा एक कागद आणि पातळ पाकीट मिळून नऊ ग्रॅमच्या आत राहतात. पोस्टकार्ड, अंतर्देशीय पत्र आणि दहा ग्रॅमहून कमी वजनाचे साधे पाकीट यांना जीएसटीतून सूट आहे, हेही या निमित्ताने लक्षात ठेवावे. विषयपत्रिका, मागील सभेच्या इतिवृत्ताचा सारांश आणि ताळेबंदाचे मुख्य आकडे एका कागदावर बसवण्यासाठी अक्षर अगदी बारीक करू नये, कारण सभासदांत साठी ओलांडलेले बरेच असतात. त्याऐवजी ‘वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की’ अशा ओळी काढाव्यात. पुष्कळ जागा मोकळी होते. सविस्तर अहवालासाठी क्यूआर कोड छापावा, आणि शाखेत छापील प्रत मिळेल असेही लिहावे.

पोस्टकार्डाच्या बाबतीत मोठा सापळा आहे. पन्नास पैशांचे कार्ड पाहून व्यापारी मंडळी त्यावर मजकूर छापून हजारभर कार्डे पाठवण्याचा बेत करतात. परंतु मजकूर छापला किंवा यंत्राने उमटवला की ते ‘छापील पोस्टकार्ड’ होते आणि त्याचा दर सहा रुपये आहे, म्हणजे बंद पाकिटापेक्षा एक रुपया जास्त. पन्नास पैसे हा दर हाताने लिहिणाऱ्यासाठी आहे. थकबाकीची आठवण देण्यासाठी अंतर्देशीय पत्र मला अधिक पसंत आहे. ते बंद होते, त्यामुळे माणसाची थकबाकी साऱ्या गल्लीला वाचता येत नाही. त्याच्या आत दुसरे काही घालता येत नाही एवढे पाळावे.

पन्नास ग्रॅमची पायरी

स्पीड पोस्टमध्ये पन्नास ग्रॅमपर्यंत गावाबाहेर अंतराचा प्रश्नच येत नाही. कोल्हापूर काय आणि कोलकाता काय, दर ४७ रुपयेच. एक्कावन्नाव्या ग्रॅमपासून अंतर मोजले जाते. ५१ ते २५० ग्रॅमला गावात २४ रुपये, दोनशे किलोमीटरपर्यंत ५९, २०१ ते ५०० किलोमीटरला ६३ आणि त्यापुढे हजार किलोमीटरपर्यंत ६८ असा चढता दर आहे. वर जीएसटी. बेळगावहून कोल्हापूर, हुबळी, पणजी पहिल्या टप्प्यात येतात, पुणे आणि सोलापूर दुसऱ्यात.

वसुलीच्या नोटिशीचेच उदाहरण घेऊ. कर्जदार आणि दोन जामीनदार अशा तिघांना नोटीस, सोबत खातेउतारा आणि कराराची प्रत. पत्ते निपाणी-गडहिंग्लजकडचे. नोंदणीसह पन्नास ग्रॅमच्या आत राहिल्यास प्रत्येकी ६१ रुपये ३६ पैसे, म्हणजे तिघांचे १८४ रुपये ८ पैसे. पन्नास ओलांडल्यास प्रत्येकी ७५ रुपये ५२ पैसे, म्हणजे २२६ रुपये ५६ पैसे. फरक एका प्रकरणात लहान वाटतो, परंतु मार्चअखेर अशी दोनशे प्रकरणे निघतात, आणि नोटिशीचा खर्च शेवटी कर्जदाराच्या खात्यावरच नावे पडतो.

या पायरीवर सर्वांत जास्त वजन फुकट खाते ते मोठे पाकीट. ए-फोर कागद न दुमडता मावेल असे शंभर जीएसएमचे पाकीट एकटेच सतरा ग्रॅमच्या आसपास भरते आणि कापडी अस्तराचे त्याहून बरेच जास्त. त्यात ७० जीएसएमचे सातच कागद घालता येतात. एक घडी मारून अर्ध्या आकाराच्या पाकिटात घातले तर नऊ कागद जातात. वकिलांना न दुमडलेले कागद आवडतात हे खरे, पण दुमडलेली नोटीस न दुमडलेल्या नोटिशीइतकीच कायदेशीर असते. खातेउतारा पाठपोट छापावा आणि केवळ शीर्षक असलेले पहिले पान गाळावे. त्यानंतरही पायरी ओलांडत असेल तर मग काटकसर सोडून द्यावी, कारण पुढे २५० ग्रॅमपर्यंत तोच दर असल्यामुळे सगळी कागदपत्रे खुशाल जोडता येतात.

सीमेचा हिशेब

आपल्या भागात राज्याची सीमा व्यवहाराच्या मधून जाते. टपालाच्या दराला मात्र सीमा ठाऊक नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात: पत्र जिथे बुक झाले तेच गाव आहे का, आणि नसेल तर अंतर किती. खानापूरला जाणारे पत्र आणि चंदगडला जाणारे पत्र एकाच दराचे असते.

यातून एक उपयोगी युक्ती निघते. समजा, उद्यमबागेतील एका कारखान्याला कोल्हापूर शहरातल्या चारशे गिऱ्हाइकांना पुराव्यानिशी पत्रे पाठवायची आहेत. बेळगावात बुक केल्यास प्रत्येकी ५५ रुपये ४६ पैसे पडतात. तोच गठ्ठा माणसाबरोबर कोल्हापूरला नेऊन तेथे बुक केला तर ती स्थानिक पत्रे ठरतात आणि प्रत्येकी २२ रुपये ४२ पैसे लागतात. चारशे पत्रांमागे १३,२१६ रुपयांचा फरक पडतो. त्यातून एका माणसाचे एस.टी.चे भाडे, जेवण आणि दिवसाची मजुरी काढून पुष्कळ उरतात. पाकिटावर परतीचा पत्ता बेळगावचाच, पिन कोडासह, ठळक छापलेला असावा. पन्नास-साठ पत्रांसाठी हा खटाटोप करू नये.

कराची बाजूही समजून घ्यावी. व्यवसाय कर्नाटकात नोंदणीकृत असेल, तर बेळगावात बुक केलेले पत्र महाराष्ट्रात गेले तरी सेवेचे ठिकाण कर्नाटकच राहते, म्हणून केंद्राचा व राज्याचा असा अर्धा-अर्धा जीएसटी लागतो. पत्र सीमा ओलांडते, कर ओलांडत नाही. बुकिंगच्या वेळी आपला जीएसटी क्रमांक नोंदवून घ्यावा, म्हणजे कारखानदार व व्यापाऱ्यांना भरलेल्या कराची वजावट मिळवता येते. पतसंस्थांना ही वजावट मर्यादित असते, म्हणून त्यांनी अंदाजपत्रकात करासहितचा आकडाच धरावा. नियमित आणि मोठ्या संख्येने पाठवणाऱ्यांना पोस्टाशी करार करून महिनाअखेर पैसे भरण्याची सोय मिळते, आणि नव्या घाऊक ग्राहकांना नव्या दरपत्रकात पाच टक्के सूट ठेवलेली आहे. ती मागितल्याशिवाय कोणी आणून देत नाही.

पाकिटाचा चेहरा

विलीनीकरण झाले तेव्हा अनेक संस्थांच्या कपाटात ‘रजिस्टर ए.डी.’ (पोचपावतीसह रजिस्टर) असे ठळक छापलेली पाच-पाच हजार पाकिटे पडून होती. त्यांतली काही माझ्याच यंत्रावर छापलेली होती. नव्या दरांची अधिसूचना सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघाली आणि ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला दर लागू झाले. इतक्या कमी वेळात कोणतेही कपाट रिकामे होत नाही. म्हणून सेवेचे नाव, दर किंवा परवान्याचा क्रमांक पाकिटावर कायमचा छापू नये. त्यासाठी रबरी शिक्का करून घ्यावा. पाकिटांचा साठाही सहा महिन्यांपेक्षा जास्त करू नये, मग छापखानदार दहा हजारांचा दर कितीही आकर्षक सांगो.

पाकिटाची मांडणी ठरलेली आहे. उजव्या वरच्या कोपऱ्यात वरून ४० आणि उजवीकडून ७४ मिलिमीटरची जागा तिकिटासाठी किंवा फ्रँकिंगसाठी (तिकिटाऐवजी यंत्राने उमटणाऱ्या शिक्क्यासाठी) कोरी ठेवावी. डाव्या वरच्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याचा पत्ता, मधोमध किंचित उजवीकडे घेणाऱ्याचा पत्ता, लांबीला समांतर. स्पीड पोस्टच्या पाकिटावर बारकोडाच्या लेबलासाठी तळहाताएवढी जागा वेगळी सोडावी, नाहीतर काउंटरवर ते लेबल नेमके तुमच्या बोधचिन्हावर किंवा पत्त्यावर चिकटते. गडद रंगाचे, चकचकीत लॅमिनेशनचे पाकीट टाळावे. त्यावर शिक्क्याची शाई धरत नाही आणि लेबल सुटते. इंकजेटने छापलेले पत्ते पावसाळ्यात वाहून जातात, त्यामुळे पत्ते लेसर प्रिंटरवर काढावेत. ऐन पावसात खानापूर तालुक्यातल्या शाखा टपाल कार्यालयातून मोटारसायकलवर निघालेल्या पत्राची कल्पना करावी आणि मग शाई निवडावी.

पत्त्याच्या भाषेबद्दल मला स्पष्ट लिहावेसे वाटते. आतला मजकूर मराठीत असावा, तो उत्तम मराठीत असावा, यात तडजोड नको. बाहेरचा पत्ता मात्र वर्गवारी करणाऱ्यासाठी आणि पोस्टमनसाठी असतो, आणि कर्नाटकातल्या कार्यालयात तो बहुधा कन्नड किंवा इंग्रजी वाचणारा असतो. मराठीत नाव-पत्ता लिहून खाली पोस्टाचे गाव व तालुका इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये द्यावा आणि पिन कोड आंतरराष्ट्रीय अंकांत लिहावा. तीन-चार दिवस उशिरा पोचलेल्या सभेच्या नोटिशीने भाषेची कोणतीच सेवा होत नाही.

जाड पुस्तके व अहवाल

दरबदल नेहमी वरच्याच दिशेने होतो असे नाही. स्पीड पोस्टच्या जुन्या दरपत्रकात दुसरी पायरी २०० ग्रॅमला संपत असे, आता ती २५० पर्यंत आहे. २२० ग्रॅमच्या अहवालाला गावात पूर्वी तीस रुपये लागत, आता चोवीस लागतात. ७० जीएसएमच्या ऐंशी पानांचा ए-फोर अहवाल, २२० जीएसएमचे मुखपृष्ठ आणि पाकीट मिळून साधारण तेवढेच वजन होते. म्हणजे जुन्या दरांत दोनशेच्या आत बसवण्यासाठी ज्यांनी पाने कापली त्यांना ती परत घेता येतील. सेंटर पिन (मधल्या घडीवर मारलेली पिन) पुरेशी असताना परफेक्ट बाइंडिंगचा (पाने कण्याला डिंकाने चिकटवण्याचा) हट्ट नको, आणि आर्ट पेपर फक्त मुखपृष्ठाला पुरे.

प्रकाशक आणि ग्रंथालयांसाठी १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट ही सेवा आहे. ३०० ग्रॅमला वीस रुपयांपासून पाच किलोला शंभर रुपयांपर्यंत असा तिचा दर आहे, कर वेगळा. ती पाठ्यपुस्तके व साहित्यासाठी आहे. जाहिराती असलेले, व्यापारी स्वरूपाचे किंवा ठरावीक काळाने निघणारे प्रकाशन तीत बसत नाही. कॅटलॉगही नाही, अहवालही नाही. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचे नाव असणेही आवश्यक आहे.

पत्त्यांची यादी

कागद कितीही पातळ केला तरी चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या पत्राचे पूर्ण पैसे बुडतात. सीमाभागातल्या याद्यांत हे दोष विशेष आढळतात. एकाच सभासदाची नोंद एकदा ‘बेळगाव’, एकदा ‘बेळगाम’ आणि एकदा ‘बेळगावी’ अशी तीनदा असते, कारण नोव्हेंबर २०१४ मध्ये अधिकृत नाव बदलल्यावर कोणी जुन्या नोंदी एकत्र केल्या नाहीत. उचगाव बेळगाव तालुक्यातही आहे आणि कोल्हापूरलगतही. १९७२ मध्ये पिन कोड आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते. त्यांच्या रचनेत पहिला अंक टपाल विभागाचा असतो, त्यामुळे कर्नाटकातल्या पत्त्याचा पिन ५ ने आणि महाराष्ट्रातल्या पत्त्याचा ४ ने सुरू होतो. निपाणी ५९१२३७, खानापूर ५९१३०२, संकेश्वर ५९१३१३ हे अलीकडचे; गडहिंग्लज ४१६५०२, चंदगड ४१६५०९ हे पलीकडचे. यादी संगणकावर पिननुसार लावली आणि गावाचे नाव व पहिला अंक जुळत नाही अशा नोंदी वेगळ्या काढल्या, की एका संध्याकाळी निम्म्या चुका सापडतात.

पिननुसार लावलेल्या यादीचा दुसरा फायदा असा की लेबले त्याच क्रमाने निघतात आणि पाकिटांचे गावनिहाय गठ्ठे आपोआप बांधले जातात. काउंटरवर असा गठ्ठा लवकर घेतला जातो. परत आलेली पाकिटे टोपलीत टाकून देऊ नयेत. त्यांवरचा ‘स्थलांतरित’, ‘मयत’, ‘पत्ता अपुरा’ हा शेरा त्याच आठवड्यात यादीत चढवावा. मयत सभासदाच्या बाबतीत नुसते नाव खोडू नये, वारस नोंदीचा अर्ज शाखेतून पाठवावा, आणि तो एका कागदावर, दहा ग्रॅमच्या आत बसतो.